भिंतीवरचा लेहरा

दिवाळी अंकात चित्रकलेविषयी लिहायचे म्हटले की लेखकाची नजर प्रथम मुखपृष्ठाकडे जाते. ते साहजिकच आहे. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे ज्या घरांत वर्षानुवर्षे जपून ठेवली गेली, त्या घरांत चित्र म्हणजे काय हे कुणाला वेगळे शिकवावे लागले नाही. परंतु जुन्या बांधीव पुस्तकाचा पुठ्ठा उघडला की आत जो वेलबुट्टीचा किंवा ढगाळ रंगांचा अबरी कागद चिकटवलेला दिसतो, त्याच्याविषयी कुणी चार ओळी लिहिल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. त्या कागदावर चित्रकाराची सही नसते. तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे सांगता येत नाही. बाइंडर तो हव्या त्या मापाने कापतो, आणि कुठूनही कापला तरी त्याचे काही बिघडत नाही. देवघरातल्या लक्ष्मीच्या तसबिरीची डावी पट्टी चौकटीत बसत नाही म्हणून कापून पाहा. ऐन दिवाळीत घरात कलह माजेल.

मी आज लिहिणार आहे ते या कापता येणाऱ्या कलेविषयी. चित्राच्या मागे, मजकुराच्या मागे, माणसाच्या मागे जी नक्षी असते तिच्याविषयी. आमच्या पुतण्याच्या धंद्यात तिला 'सीमलेस पॅटर्न' म्हणतात. सीमलेस म्हणजे बिनसांध्याची. तो दिवसभर संगणकापुढे बसून असल्या नक्ष्या आणि पोत तयार करतो. मिठाईच्या खोक्यावर, लग्नपत्रिकेच्या मागे, औषधाच्या जाहिरातीत अक्षरांखाली जे काही फिकट फिकट पसरलेले असते ते त्याचे काम. कृती ऐकायला सोपी आहे. एक चौकोनी तुकडा घ्यायचा, त्याचे उभे-आडवे कापून चार भाग करायचे, आणि त्यांची अदलाबदल करायची, म्हणजे कोपरे मध्यभागी येतात आणि मधला भाग कडेला जातो. आता कडा आपोआप एकमेकींना जुळतात, कारण मूळच्या तुकड्यात त्या शेजारीच होत्या. आणि जुळत नाही ते सगळे मध्यभागी अधिकच्या खुणेसारखे उघडे पडते. ती खूण हलक्या हाताने बुजवायची. मग हा तुकडा शेजारी शेजारी मांडत जा, भिंतच काय, मैदान झाकले तरी सांधा दिसायचा नाही.

"काका," तो मला एकदा म्हणाला होता, "चांगली पार्श्वभूमी म्हणजे जिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही ती."

हे वाक्य मला पटले नव्हते. पण तेव्हा माझ्यापाशी प्रतिवादही नव्हता. तो मिळाला या आषाढात, आणि फार महाग मिळाला. त्याची आई, म्हणजे आमच्या वहिनी, न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली आणि पुढचे तीन महिने एका कुशीवर, एका खोलीत, एका भिंतीकडे तोंड करून काढायचे आले. मुलाने ठरवले की ती भिंत आपण सजवायची. मुलाने आईला आपल्या हुन्नराची भेट द्यावी, यापरते चांगले काय असणार?

कोकणातल्या जुन्या घराच्या पडवीची चुन्याची भिंत वहिनींच्या फार आवडीची. त्या घरात त्या नवी नवरी म्हणून आल्या होत्या. मुलाने गावी जाऊन त्या भिंतीचे छायाचित्र घेतले, त्यातला सव्वा हात लांबी-रुंदीचा तुकडा काढला, वर सांगितलेल्या कृतीने त्याच्या कडा जुळवल्या आणि छापील कागदाने आख्खी भिंत मढवून दिली. आम्ही सगळे पाहायला गेलो. सांधा शोधून सापडेना. शेजारी तर भिंतीला हात लावून म्हणाले, "अहो, हा खरा चुनाच!" वहिनींनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला.

चौथ्या दिवशी मी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "भावजी, तो डाग बघा. अस्वलाच्या तोंडासारखा. त्याची भावंडे मोजलीत का? मी मोजली. एकोणीस पूर्ण आहेत आणि पाच दाराशी कापली आहेत." मी पाहिले, आणि मलाही मग अस्वलांशिवाय काही दिसेना. चुन्याला कुठेशी ओल धरून एक पुसटसा डाग पडला होता. मूळ भिंतीवर तो एकच आहे आणि तिथे त्याला कुणी विचारत नाही. इथे तो सैन्यासारखा रांगेत उभा होता. मुलाला हे सांगितल्यावर तो खजील झाला. त्याने तुकड्यातून डाग काढला. मग दुसरी एक भेग दिसू लागली, तीही काढली. एका बाजूने उजेड जरा जास्त पडला होता, त्यामुळे लांबून पाहिल्यावर पट्टे दिसत, तो उजेडही सारखा केला. नवा कागद लागला. आता मोजण्यासारखे काहीच उरले नव्हते. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त उशी फिरवून मागितली आणि तोंड खिडकीकडे केले. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी आहे.

हा प्रसंग मी विनोदासाठी सांगितलेला नाही. जी गोष्ट वाटसरूच्या लक्षात येऊ नये म्हणून केली जाते तिची खरी परीक्षा वाटसरू घेतच नाही, अंथरुणाला खिळलेला माणूस घेतो. लग्नपत्रिकेच्या मागची नक्षी आपण दोन क्षण पाहतो. तेवढ्यात कोणतीही चालते. भिंतीवरची नक्षी महिनोन् महिने पाहावी लागते. अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन हिची 1892 साली प्रसिद्ध झालेली 'द यलो वॉलपेपर' ही कथा पुष्कळांनी वाचली असेल. विश्रांतीच्या नावाखाली एका खोलीत ठेवलेली बाई, आणि समोर पिवळा नक्षीचा कागद. ती नक्षीची सुरुवात शोधू लागते, शेवट शोधू लागते, आणि हळूहळू त्या नक्षीच्या गजांआड तिला एक बाई दिसू लागते. कथा स्त्रीच्या कोंडमाऱ्याची आहे, हे खरेच. पण लेखिकेने त्यासाठी भिंतीचा कागदच निवडला, यातही काही अर्थ आहे. कोंडलेल्या माणसाला नक्षीपासून सुटका नसते.

मग चांगली पार्श्वभूमी कोणती? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर चित्रकारांआधी गवयांनी शोधलेले आहे, असे मला वाटते. मैफलीत दोन प्रकारच्या पार्श्वभूमी असतात. एक तानपुऱ्याची. चार तारा एकामागून एक छेडल्या जातात, पण कान त्या मोजत नाही. एका तारेचा नाद विरण्याच्या आत दुसरीचा उमटतो आणि सगळ्यांचा मिळून एक पट्टा तयार होतो. हा पोत झाला. दुसरी पार्श्वभूमी लेहऱ्याची. तबलजी स्वतंत्र वाजवायला बसला की सारंगीवाला किंवा हार्मोनियमवाला सोळा मात्रांची एक लहानशी धून धरतो आणि तास-तासभर तीच वाजवतो. ही नक्षी झाली. आणि गंमत अशी की लेहऱ्यात सांधा लपवत नाहीत. जिथे धून संपून पुन्हा सुरू होते ती जागा म्हणजे सम, आणि सगळी मैफल त्या जागेची वाट पाहत असते. तबलजी कितीही रानोमाळ भटकून आला तरी त्या सांध्यावर त्याला यावेच लागते, आणि आला की माना डोलतात. बुजवलेली सम ही कल्पनाच करवत नाही.

वहिनींच्या भिंतीचा घोटाळा असा झाला होता की तानपुरा लावायला जाऊन हाती लेहरा आला, आणि तोही बेताल. डागाने स्वतःला सम म्हणून जाहीर केले. पण ती सम कुणी योजलेली नव्हती. नंतर डाग काढला तेव्हा तानपुऱ्याच्या ताराच काढल्यासारखे झाले.

नक्षीतला लेहरा ज्याने उत्तम धरला असा माणूस म्हणजे विल्यम मॉरिस. हा इंग्रज कवी, कारागीर आणि पुढे समाजवादी झालेला गृहस्थ 1834 साली जन्मला आणि 1896 साली वारला. त्याची भिंतींच्या कागदांची आणि छापील कापडांची नक्षी आज चहाच्या पेल्यांवर आणि छत्र्यांवरसुद्धा दिसते, त्यामुळे तिच्याकडे नीट पाहणे कठीण झाले आहे. अतिपरिचयाचा हा शाप सर्वच लोकप्रिय कलाकृतींना भोगावा लागतो. तरी पाहण्याचा प्रयत्न करू.

त्याच्या कामाची बंधने आधी ध्यानात घेतली पाहिजेत. इंग्लंडात भिंतीच्या कागदाची पट्टी 21 इंच रुंद असे. म्हणजे वेल कितीही मोकळी फिरवायची म्हटली तरी 21 इंचांत एकदा उजवी कड डाव्या कडेला मिळालीच पाहिजे. प्रत्येक रंगाला लाकडाचा वेगळा ठसा, आणि प्रत्येक ठसा हाताने, मागचा वाळल्यावर, नेमक्या जागी दाबायचा. या बंधनात मॉरिसने एक जुनीच युक्ती मोठ्या कौशल्याने वापरली. शेजारच्या पट्टीवरची नक्षी सरळ रेषेत न ठेवता निम्म्या अंतराने खाली सरकवायची. त्यामुळे फुलाच्या शेजारी तेच फूल येत नाही, दोन फुलांच्या मधली जागा येते. डोळा आडवा धावायला जातो आणि तिरपा घसरतो. आडव्या रांगा मोडल्या की मोजदाद मोडते. 1881 साली लंडनच्या वर्किंग मेन्स कॉलेजात त्याने नक्षीकामावर एक व्याख्यान दिले. त्यात त्याचा आग्रह असा की वेलीची रेषा जिथे थांबते तिथेही ती अजून वाढू शकेल असे वाटले पाहिजे, आणि सगळी नक्षी एका नजरेत उलगडून संपता कामा नये. पुतण्याच्या आणि मॉरिसच्या म्हणण्यातला फरक इथे आहे. पुतण्याला सांधा दिसायला नको आहे. मॉरिसलाही नको आहे. पण त्या जागी पाहणाऱ्याच्या डोळ्याला काहीतरी काम दिले पाहिजे, ही जबाबदारी तो अंगावर घेतो.

त्याची सर्वांत प्रसिद्ध नक्षी म्हणजे 1883 सालची 'स्ट्रॉबेरी थीफ'. केल्मस्कॉट या गावी त्याच्या घराच्या बागेत कस्तुर पक्षी जाळीखालून शिरून स्ट्रॉबेरी पळवीत, ते पाहून सुचलेली. गर्द निळ्या जमिनीवर पानाफुलांची गर्दी, आणि तीत समोरासमोर बसलेल्या पक्ष्यांच्या जोड्या. काहींच्या चोचीत फळ. कापड आधी संपूर्ण नीळीत बुडवून निळे करायचे, मग जिथे नीळ नको तिथे ठशाने तिला उडवून पांढरे करायचे, आणि त्या मोकळ्या जागी लाल व पिवळा रंग पुन्हा ठशांनी भरायचा, अशी ही वेळखाऊ पद्धत. दिवसच्या दिवस जात. या पद्धतीत लाल-पिवळा साधल्याचा मॉरिसला फार आनंद झाला होता, आणि तो रास्त होता.

तरीही, या नक्षीविषयी माझी एक तक्रार आहे. तिचा उजवा अर्धा भाग म्हणजे डाव्याचे आरशातले प्रतिबिंब आहे. पक्षी समोरासमोर येतात ते त्यामुळेच. आरसा फार लवकर ओळखू येतो. पहिल्या भेटीत डोळे दिपतात. पुढे पुढे त्या पक्ष्यांची सभा भरल्यासारखी वाटते, आणि सभेत जे होते तेच होते, म्हणजे दोन्ही बाजू एकच बोलतात. याउलट 1887 सालची 'विलो बाउ' पाहा. तीत ना पक्षी, ना फळ, ना फूल. विलोच्या नाजूक डहाळ्या एकमेकींवरून जातात आणि अरुंद पाने कधी पुढे, कधी मागे पडतात. इतकेच. नाट्य काही नाही. पण एक डहाळी बोटाने धरून वर जात राहा. ती कुठून निघाली ते सापडत नाही, कुठे पोचली तेही सांगता येत नाही, आणि वाटेत तीन वेळा दुसऱ्याच डहाळीवर आपण उडी मारलेली असते. सगळे जग 'स्ट्रॉबेरी थीफ' डोक्यावर घेऊन नाचते. मी म्हणतो, आजारी माणसाच्या खोलीत 'विलो बाउ' लावावी.

मॉरिसची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. 1883 च्या जानेवारीत हा माणूस कामगारांच्या बाजूने राजकारणात उतरला, आणि त्याच वर्षी काढलेले हे कापड त्याच्या दुकानातल्या सर्वांत महाग सुती कापडांपैकी एक ठरले. त्याच्या सुरुवातीच्या कागदांतल्या हिरव्या रंगात सोमल असे. 2003 साली त्याच्या 'ट्रेलिस' या कागदाच्या तुकड्याची तपासणी झाली तेव्हा ते सिद्धही झाले. हिरव्या कागदाने माणसे आजारी पडतात, अशी ओरड त्याच्या हयातीतच झाली होती. पण 1885 साली एका पत्रात त्याने त्या डॉक्टरांचीच टर उडवली. त्याच्या वडिलोपार्जित मिळकतीत ज्या खाणीचे भाग होते तिथून तांब्यापाठोपाठ सोमलही निघे, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे ती थट्टा तितकीशी निर्मळ वाटत नाही. पत्र ज्याला लिहिले तो टॉमस वॉर्डल हा रंगारी. त्याच्याच रंगशाळेत मॉरिस नीळीचे रंगकाम शिकला, आणि वॉर्डल स्वतः आपल्याकडच्या टसर रेशमाचा गाढा अभ्यासक होता.

आणि हे छापील कापड तरी मुळात कुणाचे? आपल्या आज्या ज्याला चीट म्हणत, चिटाचा परकर, चिटाची गोधडी, तोच शब्द हिंदुस्थानच्या बंदरांतून विलायतेला गेला आणि तिथे 'चिंट्झ' झाला. त्या चिटांनी युरोपातल्या बायकांना असे वेड लावले की तिथले विणकर उपाशी मरू लागले. फ्रान्सने 1686 पासून 1759 पर्यंत, आणि इंग्लंडने 1700 व 1721 च्या कायद्यांनी असल्या कापडांवर बंदी घातली. इंग्लंडातली बंदी 1774 पर्यंत टिकली. एका नुसत्या मागच्या नक्षीला राज्ये घाबरली, असे आणखी कुठे घडले असेल?

आपल्या घरातला खण हाच दुसरा दाखला. गुळेदगुड्डच्या मागावर विणलेला खण हा जन्मतःच कापला जाण्यासाठी असतो. शिंपी त्याची बाही कुठून काढील आणि पाठ कुठून, हे विणकराला ठाऊक नसते. म्हणून अंगावरची बुट्टी अशी विणायची की कात्री कुठूनही जावो, प्रत्येक तुकड्यात खणपण शिल्लक राहिले पाहिजे. काठाची गोष्ट निराळी. काठाला जागा आहे, मान आहे. पैठणीचेही तेच. पाहणारा पदराच्या मोरांवर खूश होतो आणि अंगावरच्या बुट्ट्या विसरतो. पण त्या बुट्ट्यांमधली मोकळी जागा दोन बोटे कमी-जास्त झाली, तर पदराचा सगळा तोरा उतरतो. हे नेसणाऱ्या बाईला कळते. समीक्षकाला क्वचित.

सांधा न लपवणारी एक परंपरा मात्र आपल्या पायाखालीच आहे. मुंबईत भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय 1872 साली उघडले. 1975 पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. तिथली मूळची जमीन इंग्लंडातल्या मिंटनच्या फरश्यांची. या फरशीत नक्षी वरून रंगवलेली नसते. निरनिराळ्या रंगांची माती साच्यात भरून ती भाजलेली असते, त्यामुळे पिढ्यांच्या पायांनी झिजली तरी फूल पुसत नाही. परवडायला महाग, म्हणून आणि स्वदेशीच्या भरात, 1922 साली उरणला भारत टाइल्सचा कारखाना निघाला आणि सिमेंटच्या, न भाजता दाबयंत्राने घडवलेल्या नक्षीच्या फरश्या घरोघर आल्या. गिरगावातल्या चाळींतून आणि गोव्यातल्या जुन्या घरांतून असल्या फरश्यांवर ज्यांचे बालपण रांगले, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. एका फरशीवर पाव फूल. चार फरश्या मिळाल्या की फूल पूर्ण. सांधा तर ढळढळीत दिसतो, सिमेंटची रेघच असते. पण फूल त्या रेघेवरच उमलते. आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशी गवंड्याने एक फरशी फिरवून बसवली होती. तिथे फुलाऐवजी एक विचित्र चक्र झाले होते, आणि आम्हा मुलांच्या सर्व खेळांचे 'घर' तेच. मात्र गवंड्याच्या चुकीतच कला असते, अशी जी भाबडी समजूत हल्ली फार पसरली आहे, तिला मी दुजोरा देत नाही. शेकडो फरश्या बिनचूक बसल्या होत्या म्हणून ती एक गोड वाटली. सगळ्याच फिरवल्या असत्या तर बाबांनी गवंड्याला पैसे दिले नसते.

गणित्यांनी तर या सगळ्या पसाऱ्याला सतरा पेट्यांत बसवले आहे. सपाट जागेवर दोन दिशांनी पसरणाऱ्या नक्षीची पुनरावृत्ती कितीही प्रकारांनी करा, सरकवून, फिरवून, आरसा धरून. मूळ रचना सतराच. रशियन पंडित फेदोरोव याने 1891 साली हे सिद्ध केले आणि 1924 साली पोल्या याने स्वतंत्रपणे. सतरा ऐकून निराश होण्याचे कारण नाही. स्वर तर बाराच आहेत.

संगणकावरही प्रारंभ मोठा गोड झाला होता. 1984 साली मॅकिंटॉश यंत्र निघाले तेव्हा त्याच्या पडद्याची पार्श्वभूमी आठ ठिपके लांब आणि आठ ठिपके रुंद अशा चौकोनाची होती. चौसष्ट ठिपके, काळे किंवा पांढरे, आणि ते मालकाला हवे तसे बदलता येत. आठ बाय आठची रांगोळीच ती! ज्या घरात लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ठिपक्यांचा कागद उंबऱ्यापुढे पसरला जातो, तिथे त्याचे मर्म समजवावे लागू नये. पुढे 1995 च्या सुमारास मजकुराच्या मागे चित्रांचे तुकडे पसरण्याची सोय झाली आणि विटा, संगमरवर, तारांगण यांच्यावर अक्षरे बुडून मेली. त्या काळाविषयी न बोललेले बरे.

खरा विचार केला तो केन पर्लिन याने. 'ट्रॉन' या 1982 सालच्या चित्रपटाच्या कामात असताना त्याला यंत्राच्या चित्रांची ती गुळगुळीत, निर्जीव तकाकी सलू लागली. त्याने छायाचित्राचा तुकडा पसरण्याची वाट सोडली आणि 1983 साली एक गणिती रीत शोधली. तीत जागोजागचे अंक स्वैर असतात, पण शेजारचा अंक शेजाऱ्याला धरून, हळूहळू बदलत जातो; मग मोठ्या लाटांवर लहान लाटा, त्यांवर आणखी लहान, अशा चढवल्या की ढग, संगमरवर, लाकूड, ओल धरलेला चुना असे वाटेल ते निर्माण होते आणि डोळ्याला मोजायला अस्वल सापडत नाही. 1997 साली अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने त्याला यासाठी तांत्रिक पारितोषिक दिले. माझ्या भाषेत सांगायचे तर पर्लिनने यंत्रातला तानपुरा जुळवला. पुतण्याला ही रीत ठाऊक होती. दुसऱ्या कागदाच्या वेळी वेळेअभावी त्याने ती वापरली नाही, असे तो म्हणतो. वापरली असती तर वहिनींनी तोंड फिरवले नसते का? मला शंका आहे. तानपुरा हवाच; पण तीन महिने नुसता तानपुरा ऐकून कुणाचे मन रमले आहे?

मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वे सांगितली. त्यांचे 'सौंदर्य आणि साहित्य' 1955 साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून कवितेवर ती लावून लावून आम्ही झिजवली. नक्षीवर लावण्याचे कुणाच्या मनात आले नाही, जिथे ती अधिक सहज लागू पडतात. पुतण्याच्या पहिल्या कागदात विरोध होता, पण तो अपघाताने शिरलेला. दुसऱ्यात निखळ संवाद, म्हणजे सगळे सगळ्यांसारखे. 'स्ट्रॉबेरी थीफ'मध्ये समतोल इतका उघड आहे की तो तराजूसारखा समोर टांगलेला दिसतो. 'विलो बाउ'मध्ये पान पानाला विरोध करते, डहाळी तो विरोध पुढे वाहून नेते, आणि समतोल कुठे झाला हे सांगायला बसलो तर बोट ठेवता येत नाही. समीक्षकाने इतके सांगून थांबावे. पण मी नुसता समीक्षक नव्हतो, वहिनींचा दीरही होतो. म्हणून हे सगळे व्याख्यान मी पुतण्याला ऐकवले, आणि वर सुनावले, "अरे, लक्ष न जाणारी नको, लक्ष गेले तरी न विटणारी कर."

"काका, तशी करायला मला एक वर्ष लागेल," तो म्हणाला. हे त्याचे बोलणे मला फार आवडले.

वर्षभर थांबण्याची सोय नव्हती. गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी 'विलो बाउ' छापलेले पडद्याचे कापड आणले आणि भिंतीवर ताणून बसवले. माझ्या मनात धाकधूक होती. मोठमोठ्या बाता मारून झाल्या होत्या. वहिनींनी पहिल्या दिवशी एवढेच विचारले, की हे कोणते झाड. विलो म्हणजे काय ते मी सांगू लागलो, तर म्हणाल्या, "आपल्या वाळुंजासारखे दिसते." आठ दिवस काही नाही. उशी मात्र कुणाला फिरवायला सांगितली नाही.

नवव्या दिवशी त्यांनी मुलाला बोलावून घेतले. "ते बघ, त्या खिळ्याच्या जरा खाली एक पान उलटे वळले आहे ना? तसेच दुसरे खाली आहे. मला वाटते दोन विती आणि वर दोन बोटे. टेप घेऊन ये."

मुलगा स्टुलावर चढला. मी टेपचे खालचे टोक धरले. वहिनी अंथरुणावरून "आणखी डावीकडे, आणखी" असे सांगत होत्या, आणि त्या सांगण्याच्या नादात बऱ्याच दिवसांनी कोपरावर भार देऊन निम्म्या उठून बसल्या होत्या. माप निघाले. त्यांचा अंदाज बोटभर चुकला होता. ते त्यांना मान्य झाले नाही. टेपच जुना आहे म्हणाल्या.